लाल काडीचं झुडूप की बोगनवेल? वरळीच्या बाल्कनीतला हिशेब



परदेशी व्हिडिओंमध्ये बर्फात उभं असलेलं लालभडक काड्यांचं झुडूप पाहिलंय ना? ते रेड ट्विग डॉगवूड, मूळ उत्तर अमेरिकेतलं. "याची रोपं वरळीत घरी करून विकू का?" असं मनात आलं असेल, तर थांबा. त्याला कडक हिवाळा लागतो. थंडीत पानं गळली की काड्यांचा लाल रंग उठून दिसतो. मुंबईत तशी थंडी जानेवारीतही पडत नाही.

रोप गिऱ्हाइकाकडे जाऊन मेलं, की गिऱ्हाईकही गेलं!

त्यापेक्षा बोगनवेल घ्या. तिचाही रंग फुलांचा नसतो, फुलांभोवतीच्या पानांचा असतो. सी फेसचं ऊन आणि खारा वारा ती सोसते.

1. पेन्सिलीएवढ्या जाड, 6 ते 8 इंची काड्या कापा.
2. निम्मी माती, निम्मी रेती घ्या. काडीचे 2-3 डोळे आत जाऊ द्या. सावलीत ठेवा, पाणी साचू देऊ नका.
3. मुळं धरली की हळूहळू रोज 5-6 तास उन्हाची सवय लावा.

आता हिशेब. समजा, 20 काड्यांना माती-पिशव्या धरून 300 रुपये लागले आणि 12 जगल्या. मग एका रोपाचा खर्च 15 नाही, 25 रुपये! 15 धरून 20 ला विकलंत, तर रोपामागे 5 रुपये तुमच्याच खिशातून गेले. मेहनत वेगळीच.

म्हणून दर ठरवण्याआधी लावलेल्या काड्या नाही, जगलेली रोपं मोजा.