नकाशाच्या फरश्या

काशीमीऱ्यातल्या मुलांबरोबर आम्ही त्यांच्या शाळेच्या संकेतस्थळासाठी परिसराचा नकाशा केला. महामार्गावरचा नाका, शाळा, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे पाडे, पिण्याच्या पाण्याच्या जागा हे सारे त्यात हवे होते. बोटाने सरकणारा, चिमटीने मोठा होणारा नकाशा!

असा नकाशा दिसतो कसा? अख्ख्या जगाचे एकच प्रचंड चित्र आपल्याकडे येते का? नाही. येतात त्या छोट्या चौकोनी फरश्या. शून्याव्या पातळीवर सारे जग २५६ × २५६ ठिपक्यांच्या एकाच फरशीत बसते. पुढच्या पातळीवर चार फरश्या, त्यापुढे सोळा. सोळाव्या पातळीवर एकेका ओळीत ६५,५३६ फरश्या होतात. त्यातल्या पडद्यावर मावतील तेवढ्याच मागवल्या जातात.

मग आपली फरशी कितवी? काशीमीऱ्याचे रेखांश ७२.८८ पूर्व धरू. मोजणी १८० पश्चिमेपासून होते, म्हणून त्यात १८० मिळवू. २५२.८८ ला ३६० ने भागून ६५,५३६ ने गुणले, की येतात ४६,०३५.४. म्हणजे शून्यापासून मोजत गेल्यास उभा स्तंभ क्र. ४६,०३५. इथे ही फरशी सुमारे ५७७ मीटर रुंद असते आणि एक ठिपका सव्वादोन मीटरचा. एखादी झोपडी म्हणजे दोन-तीन ठिपके!

फरश्या जुळवून त्यावर खुणा ठेवण्याचे काम 'लीफलेट' करते. ही मुक्त आज्ञावली व्होलोदिमिर अगाफोंकिन यांनी २०११ मध्ये उपलब्ध केली. माहिती आम्ही 'ओपनस्ट्रीटमॅप'ची घेतली. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. वापरायला पैसे पडत नाहीत, श्रेय मात्र द्यावे लागते.

आमची एक फजिती सांगतो. पाण्याच्या खुणा दिसेचनात. शोधल्या तेव्हा त्या नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! लीफलेटमध्ये खूण ठेवताना अक्षांश आधी लिहितात, तर 'जिओजेसन' या माहितीच्या मांडणीत रेखांश आधी. आम्ही ते उलटे लिहिले होते. मुले म्हणाली, "पाणी तर आहेच की तिथे!"

मग एका मुलीने विचारले, "आमची वाट कुठंय?" पाड्यावरून ती रोज चालत येते ती पायवाट कोणी अजून रेखलीच नव्हती. नकाशा म्हणजे कोणीतरी मुद्दाम काढलेल्या रेघा. ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, ते कोरेच राहते. आणि रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर तिथे ती कोरी जागा महागात पडते. दुसऱ्या दिवशी मुलगी फोनवर नोंद करत वाट चालली, आम्ही मागोमाग. संध्याकाळी तिनेच ती रेघ ओढली.

तुमच्या शाळेभोवतीचा नकाशा उघडून वर्गाला एकच प्रश्न विचारून पाहा : यात काय नाही?