शेकरू बघताना मोहोळही बघा

भीमाशंकरच्या जंगलात दिवसभराच्या भटकंतीला आलेल्यांची मान सारखी वर असते. शोध असतो शेकरूचा. या मोठ्या खारीसाठीच १९८५ मध्ये इथे अभयारण्य झाले. शेंड्यावरून झुपकेदार शेपटी झेपावली, की खाली शिट्ट्या आणि आरडाओरडा. पण मान वर केलीच आहे, तर उंच फांदीला किंवा कड्याला लटकलेले काळपट पोळेही टिपावे. ते आग्या मोहोळ. बिबट्याच्या धास्तीने जंगलात शिरणारा माणूस मधमाशीचा विचारच करत नाही.

धूर, उग्र अत्तर, भिरकावलेला दगड यांनी मोहोळ उठते. एक माशी डसली, की तिथून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. इतर माश्यांना ते बोलावणेच. म्हणून हात झाडत उभे राहू नये. डोके-तोंड कापडाने झाकून दूर पळावे. कड्याजवळ मात्र पाय जपून. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात.

नांगी कातडीत रुतून राहते आणि तिच्यासोबत तुटलेली पिशवी विष सोडतच राहते. चिमट्याने काढा की नखाने, ताबडतोब काढा. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली तर अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच उपाय. चुना-हळद लावण्यात वेळ दवडू नये. दंश पुष्कळ असतील, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनीही उघड होते.