ना घुमट, ना मिनार! पोर्तुगीजांनी जाळलेली कोझिकोडची लाकडी मशीद पुन्हा कशी उभी राहिली?

केरळच्या कोझिकोडमध्ये, म्हणजे जुन्या कालिकतमध्ये, कुट्टीचिरा तळ्याजवळ एक चार मजली इमारत आहे. उतरती छपरं, कोरीव लाकडी खांब. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मंदिर किंवा मोठा वाडाच वाटेल. ही आहे मिश्काल मशीद.

मशीद अशी का दिसते?

१४व्या शतकात नाखुदा मिश्काल या अरब व्यापाऱ्यानं ती बांधली. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक. १३४०च्या दशकात कालिकतला आलेल्या इब्न बतूतानं याच मिश्कालचा उल्लेख केलाय. भारत, चीन, येमेन आणि इराणशी व्यापार करणारी अनेक जहाजं त्याच्याकडे होती.

पैसा अरबाचा असला तरी बांधणी अस्सल मलबारी आहे. इथल्या धो-धो पावसात सपाट गच्चीपेक्षा उतरतं छप्परच टिकतं, मग ते मंदिराचं असो की मशिदीचं.

१५१० मध्ये काय घडलं?

कालिकतचा हिंदू राजा झामोरिन आणि अरब व्यापारी यांचं चांगलं जमत होतं. मिरीच्या व्यापारावर मक्तेदारी हवी असलेल्या पोर्तुगीजांना नेमकं तेच खुपत होतं. जानेवारी १५१० मध्ये अल्बुकर्क आणि कुतिन्यो यांनी शहरावर हल्ला केला. राजवाडा पेटवला, मशीदही जाळली. पण माघारी फिरताना कुतिन्यो मारला गेला, अल्बुकर्क जखमी झाला. त्याच वर्षी त्यानं गोवा घेतला.

बदला ६१ वर्षांनी

१५७०-७१ मध्ये पोर्तुगीजांवर एकाच वेळी तीन आघाड्या उघडल्या. आदिलशहानं गोव्याला वेढा घातला, निजामशहानं आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आणि झामोरिननं कालिकतजवळच्या चालियम किल्ल्याला. गोवा आणि चौल पोर्तुगीजांनी राखलं. चालियम मात्र पडलं.

झामोरिनच्या सैन्यात नायर आणि मुस्लिम खांद्याला खांदा लावून लढले. या विजयावर कालिकतच्या काझी मुहम्मद यांनी अरबीत ‘फतह अल-मुबीन’ हे काव्य लिहिलं आणि ते झामोरिनला अर्पण केलं. मुस्लिम काझीनं हिंदू राजाला अर्पण केलेलं हे युद्धकाव्य शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटतं.

झामोरिननं चालियमचा किल्ला पाडला. त्याचंच लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला वापरलं, असं कोझिकोडमध्ये सांगितलं जातं. १५७८-७९च्या सुमारास मशीद पुन्हा उभी राहिली. तिथे आजही नमाज होते आणि वरच्या मजल्यावर त्या आगीच्या खुणा दाखवल्या जातात.