फिलरचं नाक आणि त्यावरचं समाधान

लग्नसराई जवळ आली की स्किन क्लिनिकच्या जाहिरातींत नाकाच्या जोड्या दिसू लागतात. डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं. पनवेल, कामोठे, खारघरच्या मुलामुलींच्या मोबाइलवर त्या रोज येतात. नाकीडोळी नीटस दिसण्याची हौस जुनीच आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. सुईने जेल भरून नाकाचा आकार बदलून घेणारे बहुतेक जण निकालावर खूशही असतात. पण त्या खुशीभोवती अर्धवट माहिती बरीच फिरते.

गैरसमज : फिलरने नाक लहान होतं.

फिलर म्हणजे भर. त्याने हाड झिजत नाही की कूर्चा कमी होत नाही. नाकाच्या मधल्या उंचवट्याच्या वर आणि खाली जेल भरलं की बाजूने पाहताना रेष सरळ दिसते. बसकं नाक थोडं उठतं, शेंडा किंचित वर येतो. पसरट नाकपुड्या, वाकडा पडदा, श्वासाची तक्रार यांतलं काहीच त्याने सुटत नाही. हे समजून गेलेला माणूस सहसा समाधानाने परततो. मोठं नाक बारीक करून घ्यायला गेलेला मात्र निराश होतो, आणि त्यात डॉक्टरच्या हाताचा दोष नसतो.

गैरसमज : नाही आवडलं तर विरघळवू.

हे हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरपुरतं खरं आहे. हायलुरोनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं, आणि तसंही त्याचा परिणाम साधारण वर्ष-दीड वर्षात ओसरतो. कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या फिलरवर हे एन्झाइम चालत नाही. सिलिकॉन तर कायमचं. म्हणून खोक्यावरचं नाव स्वतः वाचावं.

गैरसमज : ऑपरेशन नाही, म्हणजे धोका नाही.

इथे थोडं थांबायला हवं. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. सुईचं टोक चुकून धमनीत गेलं आणि जोराने जेल सोडलं, तर ते उलट्या दिशेने दृष्टिपटलाच्या धमनीपर्यंत पोहोचू शकतं. कॅनडातल्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या जगभरातल्या ९८ नोंदी एकत्र केल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्वतःच्याच शरीरातली चरबी टोचल्याच्या होत्या. २०१९ मध्ये त्यांनी आणखी ४८ नोंदी मांडल्या, तेव्हा चित्र पालटलं होतं : सुमारे ८१ टक्के प्रकरणांत हायलुरोनिक ॲसिड होतं आणि निम्म्याहून अधिक प्रकरणांत सुई नाकात टोचलेली होती. जगभर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने हा आकडा अगदी लहान आहे, हेही सांगायला हवं. पण रक्तपुरवठा तुटल्यावर दृष्टिपटल फार तर तास-दीड तास तग धरतं, आणि हाही आशावादी अंदाज. पनवेलमध्ये डोळ्यांची मोठी रुग्णालयं आहेत, तरी सायन-पनवेल मार्गाच्या कोंडीत घड्याळ थांबत नाही.

डोळ्यापर्यंत गोष्ट गेली नाही तरी त्वचा मरू शकते. टोचल्यावर कातडी पांढरीफटक पडणं, मग जाळीसारखे निळसर डाग, वाढतं दुखणं ही लक्षणं दिसली की 'सूज आहे, उतरेल' असं म्हणून बर्फ लावत बसू नये. त्याच डॉक्टरकडे त्याच तासाला परतावं. अनेक फिलरमध्येच भूल देणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे दुखलं नाही म्हणजे सारं ठीक, असंही नाही. आधी नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल तर धोका वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने नाकासाठी म्हणून कोणत्याही फिलरला मंजुरी दिलेली नाही. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात.

गैरसमज : रुग्ण समाधानी, म्हणजे उपाय सिद्ध.

समाधान मोजतात कसं? नाकासाठी रॅमसे अल्सर्राफ यांची २००० सालची प्रश्नावली बरीच वापरली जाते. प्रश्न सहाच : नाकाचं रूप आवडतं का, श्वास नीट घेता येतो का, जवळच्यांना ते आवडतं का, नाकामुळे चारचौघांत किंवा कामात अडतं का, असे. प्रत्येकाला ० ते ४ गुण. पद्धत चांगली आहे. पण कधी विचारलं यावर बरंच अवलंबून असतं. पहिल्या महिन्यात खुशी शिगेला असते, जेल ओसरताना कोणी विचारत नाही. नाराज रुग्ण पुन्हा फिरकतच नाही, मग तो मोजला कसा जाणार? माझ्या मते वर्षानंतरचे गुण नसतील तर जाहिरातीतल्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.

आणि नाकाचं समाधान म्हणजे मनाचं स्वास्थ्य नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणिताने दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे तक्रार कधी कधी कॅमेऱ्याच्या अंतराची असते. इतरांना जेमतेम दिसणारं व्यंग दिवसभर छळत असेल, आरशासमोर तास जात असतील, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. अशांना कोणतंही फिलर पुरत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि चांगला डॉक्टर सुई बाजूला ठेवून ते सांगतो.

तरीही करायचं ठरलं तर प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी तपासा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. सुरुवातीचे दिवस नाकावर जड चष्म्याचाही दाब नको असतो, चापाची नथ तर दूरच. खुर्चीत बसण्याआधी एवढं नक्की विचारा : हायलुरोनिडेज आत्ता, याच खोलीत आहे का? उत्तर 'मागवून घेऊ' असं आलं, तर उठून या.