सोनेगावची मध्यरात्र

नागपूरहून मुंबई किती लांब? रेल्वेने भुसावळमार्गे 837 किलोमीटर. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा, पण तो मुंबईत न जाता ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावाशी संपतो. दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली, तर अंतर भरते सुमारे 680.

विमानाच्या तिकिटावर मात्र किलोमीटर नसतात, वेळ असते. दीड तास लिहिला असेल तर तो सगळा हवेतला नव्हे. विमान इथे जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर उभे राहीपर्यंतचा तो हिशेब. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले आणि मुंबईवर उतरायची पाळी येईपर्यंत घातलेल्या घिरट्याही आल्या. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. म्हणून जाताना वेळ अधिक लागतो आणि येताना विमान लवकर पोचते.

पण मला या अंतरांचा नाद लागला तो सोनेगावला राहणाऱ्या माझ्या आत्यामुळे. तिच्या तरुणपणी मध्यरात्री विमानांच्या घरघरीने झोपमोड व्हायची, असे ती सांगे. आम्हाला ती थाप वाटे.

थाप नव्हती. 1949 च्या आरंभी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून प्रत्येकी एक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. स्वस्त भाड्यात उतारूही असत.

यातली हुशारी साध्या गणितात आहे. चार शहरांच्या जोड्या सहा. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी थेट जोडायची तर रोज बारा उड्डाणे. मध्ये नागपूर धरले की आठ पुरतात. नागपूरपासून मुंबई 680, दिल्ली 850, मद्रास 905 आणि कलकत्ता 985 किलोमीटर. डकोटा विमान ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जाई. म्हणजे मुंबईहून अडीच-पावणेतीन तास, कलकत्त्याहून पावणेचार. चौघांची भेट साधायची तर कलकत्त्याच्या विमानाने तासभर तरी आधी निघायला हवे. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिस शहरी हीच रात्रीची पद्धत वापरली ती 1973 साली, बरोबर दोन तपांनी.

पुढे जेट विमाने आली, मोठ्या शहरांमधली थेट उड्डाणे वाढली आणि सोनेगावची ही जत्रा उठली. दरम्यान 1956 मध्ये नागपूरचे राजधानीपणही गेले होते. कामासाठी मुंबई गाठणे आले. नागपूर कराराच्या पोटी हिवाळी अधिवेशन तेवढे इथे उरले.

आपण नागपूरकर झिरो माईलच्या खांबाकडे बोट दाखवून देशाच्या मध्याचा अभिमान मिरवतो. परंतु मध्य असणे आणि वाटेत असणे या निराळ्या गोष्टी. चार विमाने इथे उतरत, कारण कोणीतरी तसे ठरवले होते. नकाशा तर आजही तोच आहे. मिहान प्रकल्पाच्या नावातच मालवाहतुकीचे केंद्र होण्याची कल्पना आहे, म्हणजे विचार जुनाच. आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत मद्रासहून आलेली पत्रे सापडली. पाकिटांवर दोन शिक्के: मद्रासचा एका दिवसाचा, नागपूरचा दुसऱ्या दिवसाचा.