फ्रीजपर्यंत कायद्याचा हात किती पोहोचतो?

बकरी ईद जवळ आली की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: पोलीस घरात येऊन फ्रीज उघडून बघू शकतात का? एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' म्हणणं चुकीचं ठरेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही त्यात आले. म्हैस या बंदीत नाही. पण घराघरांत धास्ती पसरली ती दोन कलमांमुळे. कलम ५ड सांगत होतं की, गोवंशाचं मांस दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे कापलेलं असलं तरी इथे जवळ बाळगणं गुन्हा. आणि कलम ९ब नुसार आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं!

६ मे २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने ही दोन्ही कलमं रद्द केली. घरात बसून माणूस काय खातो हा त्याचा खासगी मामला आहे आणि सरकारने तिथे घुसता कामा नये, हा ५ड रद्द होण्याचा मुख्य आधार होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, हेही लक्षात असू द्या.

मात्र याचा अर्थ सगळं मोकळं झालं असा कुणी काढू नये. कत्तलबंदी हायकोर्टाने कायम ठेवली. राज्यातच कापलेलं गोवंशाचं मांस बाळगणं आजही गुन्हा आहे. फक्त ते तसं आहे हे माहीत असून बाळगलं, हे सरकारी पक्षाने दाखवायला हवं.

म्हणजे घरझडती होऊ शकते. पण तिला रीत आहे. परिसरातले दोन पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत घरच्यांना द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार, झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही सक्तीचं आहे. रिवाजाने परपुरुषांसमोर न येणारी बाई आत असेल तर तिला आधी सूचना देऊन बाहेर पडायला वाव द्यावा, असंही कायदा म्हणतो. ही तरतूद जुन्या संहितेतही होती, पण मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये, ही सूरह नूरची शिकवण मात्र आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते.

गोरक्षक म्हणवणाऱ्या टोळक्याला घरात शिरून पिशव्या तपासण्याचा हक्क नाही. असं कुणी दारात आलं तर हुज्जत न घालता ११२ ला फोन लावा. पोलीस स्वतः आले तर अडवू नका. अधिकाऱ्याचं नाव विचारा, रेकॉर्डिंग सुरू आहे का ते बघा आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय, न वाचता, कशावरही सही करू नका.