कानाचे दडे आणि मृदुतालूचे कार्य

नागपूरहून विमानाने मुंबईस जाणाऱ्या यवतमाळच्या प्रवाशाला विमान उतरू लागताच कानाला दडे बसल्याचा अनुभव येतो. विहिरीत सूर मारून तळ गाठू पाहणाऱ्या मुलाचा अनुभवही तोच. ‘दडे बसणे’ या वाक्प्रचारावरून कानात बाहेरून काही अडकले असावे असे वाटते. वस्तुतः कारण कर्णपटलाच्या आत असते.

मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. वर चढताना मध्यकर्णातील जादा हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र स्नायूंनी नलिका उघडल्यावाचून हवा आत शिरत नाही. उंचावरील विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतका असू शकतो. उतरताना वाढणारा हा पाव वातावरणाचा दाब पाण्यात अवघ्या अडीच मीटरांवर, तोही काही क्षणांत, पडतो. दाबातील फरक पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे पाण्याच्या सव्वा मीटरपर्यंत, गेला की नलिका जखडते व स्नायूंना ती उघडता येत नाही. म्हणून उपाय वेदनेपूर्वीच योजावयाचा असतो.

गिळताना किंवा जांभई देताना मृदुतालूला ताणणारा स्नायू नलिका उघडतो. तान्ह्या मुलास विमान उतरताना दूध पाजावे ते यासाठीच. नाक-तोंड मिटून हळूच श्वास दाबण्याची रीत व्हाल्साल्व्हाने 1704 च्या ग्रंथात वर्णिली. तीत छातीचा जोर लागतो, व तो अतिरेकी झाल्यास अंतःकर्णास इजा होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वैद्य फ्रेन्झेल याने वैमानिकांना शिकविलेली रीत ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. नाक चिमटीत धरावे, कंठद्वार मिटावे, जिभेचे टोक ‘त’च्या स्थानी रोखावे आणि मागील भाग ‘क’च्या दिशेने उचलावा. मात्र ‘क’ उच्चारताना मृदुतालू वर जाऊन नासामार्ग बंद करतो. येथे तो ‘न’च्या उच्चाराप्रमाणे खालीच राहिला पाहिजे. अनेकांचा प्रयत्न फसतो तो याच ठिकाणी. वर्णांची स्थाने जाणणाऱ्यास हा भेद एका वाक्यात सांगता येतो.

तारकर्लीच्या समुद्रात असो वा गावच्या विहिरीत, दडे सुटत नसतील तर बळ न करता वर यावे. सर्दी असताना बुडी मारूच नये. कर्णपटल फाटून थंड पाणी आत गेल्यास भोवळ येते, आणि पाण्याखालची भोवळ प्राणावर बेतू शकते.